प्रतिसाद: स्पॉट नेहमी गोल नसतो

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की लेन्स चांगली असेल तर प्रकाशाचं पोलरायझेशन (त्याच्या विद्युतक्षेत्राची दिशा) कुठलंही असो, फोकसला प्रकाशाचा स्पॉट गोलच येतो. कमी एनएला (न्यूमेरिकल अपर्चर, लेन्स किती रुंद कोनात प्रकाश घेते त्याचं माप), म्हणजे ०.१-०.२ पर्यंत, हे चालून जातं, पण ०.९ किंवा ऑइल-इमर्शन लेन्सच्या (लेन्स आणि नमुन्याच्या मध्ये तेल असतं ती) १.४ ला अजिबात नाही. कडेचे किरण इतके वाकतात की त्यांच्याबरोबर विद्युतक्षेत्रही वाकतं आणि त्याचा एक भाग थेट अक्षाच्या दिशेने येतो, लिनिअर बीममध्ये (विद्युतक्षेत्र सगळीकडे एकाच रेषेत) समोरासमोरच्या कडांचा हा भाग उलट चिन्हांचा असल्याने बरोबर मध्यावर कटतो पण दोन्ही बाजूंना उरतो, म्हणून स्पॉट पोलरायझेशनच्या दिशेने लांबट होतो. मी हे कन्फोकल मायक्रोस्कोपवर १०० नॅनोमीटरच्या फ्लुरोसंट मण्यावर पाहिलंय, पोलरायझेशनची दिशा वळवणारी हाफ-वेव्ह प्लेट ४५ अंश फिरवली की मण्याची लांबट इमेज ९० अंशात वळते! (ऑब्जेक्टिव्ह लेन्सचं मागचं तोंड बीमने पूर्ण भरलेलं हवं, नाहीतर काही दिसणार नाही.)

रेडिअल पोलरायझेशनमध्ये (विद्युतक्षेत्र चाकाच्या आऱ्यांसारखं मध्यापासून बाहेर) मात्र सगळ्या कडांचा तो अक्षाच्या दिशेचा भाग एकाच चिन्हाचा, मध्यावर बेरीज होते. डॉर्न, क्वाबिस आणि लॉयक्स या संशोधकांनी २००३ मध्ये ०.९ एनएला कड्यासारखा बीम वापरून मोजलं, स्पॉटचं क्षेत्रफळ ०.१६ लॅम्डा वर्ग (लॅम्डा म्हणजे तरंगलांबी), लिनिअरला ०.२६.