बशीमागे ‘व्ही.ए.’, पण घरात म्हणत ‘मकावच्या बश्या’

फोंड्याची_सून:
चवथीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पेटाऱ्यात अकरा बश्या मिळाल्या. पांढऱ्याशुभ्र, काठाला सोनेरी रेघ, मागे निळ्या रोमी अक्षरांत व्ही आणि ए. आजेसासूबाई त्यांना ‘मकावच्या’ म्हणत. रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात, त्यांना कधी शिरकाव नव्हता. पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, घरी आले की वसरीवर चहा द्यायला तेवढ्या निघत. या चीनच्या की पोर्तुगालच्या? त्यांत हाडांची राख असते हे खरं का? सासूबाईंना तीच शंका आहे आणि मला चवथीला त्या वापरायच्या आहेत.

म्हापसेकर_जुनी_भांडी:
बाय, त्या व्हिस्ता आलेग्रेच्या असणार. जुझे फेरैरा पिंतु बाश्तु यांनी १८२४ साली पोर्तुगालात आवेरोजवळ इल्यावूला हा कारखाना काढला, राजा सहावा जुआंव याच्या परवान्याने. पण सुरुवातीला हाती केओलिन नव्हतं, म्हणजे जिच्यावाचून खरी चिनी माती होतच नाही ती पांढरी माती. त्यामुळे आधी काच आणि साधी भांडीच निघाली. मुलगा फ्रान्समधल्या सेव्ह्रच्या कारखान्यात जाऊन शिकून आला, पोर्तुगालमध्येच केओलिन सापडलं, तेव्हा कुठे १८३०च्या दशकात मनासारखं काम जमलं. ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

हाडांची राख घातली ती इंग्रजांनी. स्टोकच्या जोसाया स्पोडने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कृती पक्की केली, त्यात जवळजवळ निम्मी राखच असते. बशी उजेडासमोर धरून मागे बोट ठेवा. बोटाची सावली दोन्हींत दिसेल, पण हाडाच्या मातीचा पांढरा रंग दुधाच्या सायीसारखा असतो आणि केओलिनवाल्या कडक मातीचा निळसर, थंड.

सोनेरी काठ आहे, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

जुने_गोवे_भटक्या:
‘मकाव’ म्हणण्यालाही आधार आहे. १५५७पासून पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला होते आणि चीनमधल्या चिंगदेचनची निळी-पांढरी भांडी तिथून गोव्यामार्गे लिस्बनला जात. जुन्या गोव्यात सां आगुस्तीन चर्चच्या अवशेषांत उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघालेत. चांगली बशी म्हणजे मकावची, असं लोकांच्या तोंडी बसलं असणार.

फोंड्याची_सून:
देव बरें करूं. खिडकीपाशी धरून पाहिली, निळसरच आहे. सासूबाईंनी माझ्या हातून घेतली, मागे स्वतःचं बोट फिरवून पाहिलं आणि अकराही स्वतः धुऊन पुसल्या. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) यांतच वाढणार आहोत.