नोकऱ्यांपर्यंतची पोच मोजायची आहे, पण खासगी बसला वेळापत्रकच नाही

साखळीकरीण:
नमस्कार मंडळी. भूगोलाच्या एम.ए. प्रकल्पासाठी एक आकडा काढतेय: गोव्यातल्या साखळी, डिचोली, म्हापसा, फोंडा इथला माणूस बसने तासाभरात किती नोकऱ्यांपर्यंत पोचतो?

सोपी पद्धत म्हणजे ६० मिनिटांची मर्यादा घालून आतल्या नोकऱ्या मोजायच्या. पण मग ५९व्या मिनिटाची नोकरी पूर्ण आणि ६१व्याची शून्य, हे काही पटत नाही. दुसरी हान्सन या अभ्यासकाने १९५९ साली मांडलेली, नोकरी जितकी दूर तितकं तिचं वजन कमी. ते किती झपाट्याने उतरवायचं, तो गुणांक गोव्यासाठी कुठून आणू?

खरी अडचण वेगळीच आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते घेऊन आरफाइव्हआर हे प्रवासाचा वेळ काढणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर त्याला बसचं वेळापत्रक जीटीएफएस या ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये हवं. आमची खासगी बस भरली की सुटते! गेल्या सोमवारी घड्याळ लावून साखळीहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले. पणजीला बस बदलली, झुवारी पूल ओलांडला, हायवेवर उतरून आत चालत. दोन तास दहा मिनिटं, त्यातली ३५ नुसती उभं राहण्यात. चुलतभावाला मात्र कंपनीची बस नाक्यावर न्यायला येते. त्याची आणि माझी पोच एकच धरू का?

नोकऱ्यांचे आकडे २०१३च्या सहाव्या आर्थिक गणनेतून घेतलेत. चालतील ना?

हिशेबी:
ताई, जपून. त्या गणनेत पिकांची शेती आणि सरकारी प्रशासन धरलेलं नाही. म्हणजे पणजी-पर्वरीतली सरकारी कार्यालयं तुमच्या बेरजेतून गायब. ती वेगळी जोडा, नाहीतर साखळी उगाच मागास दिसेल.

जीटीएफएसमध्ये फ्रिक्वेन्सीची फाइल असते. त्यात नेमकी वेळ न देता 'सात ते नऊ, दर १५ मिनिटांनी' असं लिहिता येतं. तीन सकाळी वही घेऊन स्टँडवर बसा आणि प्रत्येक बस सुटल्याची वेळ टिपा. नुसत्या सरासरीवर मात्र जाऊ नका. दोन बस पाठोपाठ सुटल्या आणि मग अर्धा तास काहीच नाही, तर सरासरी छान दिसते, उन्हात उभा माणूस वेगळंच सांगतो.

गुणांक दोन-तीन घेऊन बघा. गावांचा क्रम तोच राहिला तर परीक्षकाशी वाद उरत नाही. कंपनीची बस सोडून द्या, ती नोकरी लागल्यावर येते. तुम्ही मोजताय ती नोकरी शोधणाऱ्याची पोच.

साखळीकरीण:
दादा, कंपनीच्या बसचं हे डोक्यातच आलं नव्हतं! पण दुसरी पाळी रात्री सुटते, त्याचं काय? सकाळी पोचता आलं आणि रात्री परतीची बसच नसेल तर?

हिशेबी:
मग ती नोकरी त्या पाळीपुरती शून्य. परतीच्या प्रवासाचा हिशेब वेगळा करा आणि दोन्हीकडून जमणाऱ्या नोकऱ्याच मोजा.

साखळीकरीण:
म्हणजे रात्रीही स्टँडवर बसणं आलं. आईला सोबत घेते, तिला गप्पा मारायला कुणीतरी भेटेलच.