दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे: मुलांची कोड्यात टाकणारी लक्षणं

सुखदा
कालच्या गुडघेदुखीच्या गप्पांवरून वॉर्डातलं जुनं काय काय आठवलं, म्हणून धागा. १० ते १६ वर्षांचं मूल, वजन बरेचदा जास्त, लंगडतंय, 'गुडघा दुखतो' म्हणतंय आणि गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल. इथे खुबा तपासल्याशिवाय घरी पाठवू नये. ऑब्च्युरेटर नस खुब्यालाही जाते, गुडघ्यालाही, म्हणून दुखणं खाली जाणवतं. उताणं झोपवून मांडी पोटाकडे दुमडा. ती सरळ वर न येता बाहेर वळत असेल, तर मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या कूर्चेवरून सरकल्याची दाट शंका. एक्स-रे दोन्ही खुब्यांचे घ्यायचे, समोरून आणि बाजूने. पाय टेकवताच येत नसेल तर एक्स-रेसाठी पाय फाकवायचे नाहीत, आणखी सरकतं. शंका आली की लगेच व्हीलचेअर, चालणं बंद.

अवनी
+१. आणि 'वाढीचं दुखणं आहे' हे वाक्य जपून वापरा. ते दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री, आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. एकाच पायात, सकाळी आखडलेलं, सोबत ताप, फिकटपणा, विनाकारण काळेनिळे डाग असं असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). सांधे सुजलेत म्हणून स्मिअर बघायच्या आधीच स्टेरॉइड दिलं, तर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) काही काळ झाकला जातो आणि पुढचं निदान अवघड होऊन बसतं.

केदार
उलट्या, पोटदुखी, धाप. पोटाचा संसर्ग म्हणून सलाइन लागतं, नाहीतर दमा म्हणून वाफ दिली जाते. एकच प्रश्न विचारा: लघवी किती? उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते. हे मूल सुकलंय आणि तरी भरपूर लघवी करतंय, रात्री उठून पाणी पितंय, वजन उतरलंय. बोटाच्या थेंबावर साखर बघायला मिनिटही लागत नाही. अशी लक्षणं असताना २०० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा वर आली की टाइप १ डायबेटिस धरून त्याच दिवशी रुग्णालय. 'उद्या उपाशीपोटी तपासू' म्हणून थांबायचं नाही, रात्रीत ॲसिडोसिस (रक्तातलं आम्ल) वाढतो. कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर तेही यातच बघा, रागावू नका त्याला.

निशिगंध
घाईत लिहितेय. वयात आलेला मुलगा अचानक 'पोट दुखतंय' म्हणून वाकला की अंडकोष तपासलेच पाहिजेत. लाजेने तो सांगत नाही. पीळ पडला असेल तर साधारण ६ तासांत सोडवावा लागतो. लक्षणं स्पष्ट असताना सोनोग्राफीच्या रांगेत वेळ घालवू नका.

रेवा
केदारदादा, रागावू नका हे लिहिलंत ते बरं केलंत. कारण कळेपर्यंत मूलही बोलणी खातं आणि आईबापही.
शाळेतून 'लक्ष नसतं' अशी तक्रार येते त्यात ॲब्सेन्स फिट्स (काही सेकंद भान हरपण्याचे झटके) निसटतात. ५ ते १५ सेकंद, बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं, नजर स्थिर, पापण्या फडफडतात, मग जणू काही झालंच नाही. नुसतं तंद्रीत असलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, झटका आलेलं येत नाही. दवाखान्यात ३ मिनिटं हातातल्या भिरभिऱ्यावर जोरजोरात फुंकायला लावलं की झटका बहुधा समोरच येतो. मग ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद). कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या औषधाने हे झटके वाढतात, म्हणून प्रकार ठरल्याशिवाय औषध नको.

अवनी
@रेवा, झटक्याचा व्हिडिओ आणायला सांगतेस का?

रेवा
हो, नेहमी. पण बहुतेक जण चेहरा जवळून घेतात. पूर्ण शरीर हवं, दिवा लावून, पांघरूण बाजूला करून. मध्येच मुलाला नावाने हाक मारायची, म्हणजे प्रतिसाद कळतो. थांबल्यावरही मिनिटभर चालू ठेवायचा, नंतरची झोप किंवा गोंधळ त्यातच दिसतो.

मंजिरी
जरा अवांतर, लोह देऊनही मुलाचं हिमोग्लोबिन वाढत नाही आणि उंचीही अडलीय. गहू बंद करून बघावं का?

सुखदा
मंजिरीताई, आधी बंद करू नका. गहू थांबवला की सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) टीटीजी ही रक्तचाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते. रोजचं खाणं चालू ठेवून टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) एकाच रक्तात करा. एकूण आयजीए मुळात कमी असेल तर पहिलीचा भरवसा नाही. जुन्या उंची-वजनाच्या नोंदी सापडल्या तर सोबत न्या, वाढीची रेघ कोणत्या वर्षी वाकली ते त्यावरून कळतं.

मंजिरी
लसीकरणाच्या वहीत आहेत, काढते आत्ता.