साहेब मनमोकळा बोलला म्हणून माणूस कामाला टिकतो का?

दालमिलवाला, जळगाव
एमआयडीसीतल्या आमच्या युनिटला नवे मॅनेजर आलेत. ट्रेनिंग करून आलेले. रोज सकाळी सगळ्यांना उभं करून ‘मी तुमच्यातलाच, मलाही टेन्शन असतं’ सुरू. मागून एक हमाल हळूच म्हणतो, “भाऊ, पगार कव्हय व्हई?” माझं मत सरळ आहे. पगार तारखेला द्या, ओव्हरटाइम नीट लिहा. बाकी सगळी नाटकं.

धुळेकर
पैशानेच भागत असतं तर जास्त पगार देणाऱ्याकडून कुणी गेलंच नसतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे दिले, त्यांचा रस पैसे थांबल्यावर घटला. शाबासकी मिळालेल्यांचा वाढला. पुढे डेसी आणि त्यांचे सहकारी रायन यांनी माणसाच्या मनाच्या तीन गरजा मांडल्या: थोडी मोकळीक, काम जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा.

दालमिलवाला, जळगाव
कोडं मजेचं असतं हो. तुरीचं पोतं थप्पीला लावण्यात मुळात रस कुणाला होता, की तो पैशाने घटेल?

धुळेकर
हे मान्य. कंटाळवाण्या कामात पैशाने रस घटत नाही, असं डेसींच्याच नंतरच्या आढाव्यात आलंय. पण म्हणूनच तिथे वागणूक जास्त महत्त्वाची ठरते.

बोदवडची ताई
मी पॅकिंगच्या बायांवर सुपरवायझर आहे. साहेबाचं टेन्शन ऐकून आम्ही काय करू? आमचं आधीच घरी भरपूर आहे! साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवायचे, वसतिगृह सांभाळायचे, तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. मुलांनी जीव लावला तो त्याला. खरेपणा हातात दिसतो, माईकवर नाही.

धुळेकर
ताई, गुरुजींच्या मापाने मॅनेजर मोजला तर एकही पास होणार नाही. शिवाय झाडू घेऊन फोटो काढणारेही पाहिलेत.

बोदवडची ताई
फोटोवाला बायांना दोन दिवसांत कळतो. मागच्या महिन्यात आमचे ओव्हरटाइमचे तास कमी लागले. साहेबांनी वही सगळ्यांसमोर उघडावी, कुठे चुकलं ते सांगावं. भाषण नको.

दालमिलवाला, जळगाव
तास मालकाने कापले असतील तर? वही उघडली की पहिला मॅनेजरच घरी बसेल. पोरांची फी भरायची असलेल्या माणसाकडून एवढं खरं वागणं तुम्ही मागणार का?