कॅम्पर ट्रेलर घ्यायचा काय? आमच्या घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सुनील: सगळ्यांनी वाचा. कोल्हापूरचा एकजण कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडून न्यायची खोली, विकतोय. चौघं झोपतील, मागच्या बाजूला ओटा, आत टॉयलेट. साडेसहा लाख म्हणतोय. तिन्ही घरांनी मिळून घेऊया काय?

प्रसाद: दादा, घेऊयाच. आंबोली, दांडेली, गोकर्ण, मनात आलं की निघायचं.

मनोहर काका: सुनील, वजन किती त्याचं? आणि तुझ्या गाडीच्या पुस्तकात किती ओढायला परवानगी आहे ते बघितलास?

सुनील: रिकामा ९०० किलो. गाडीचं बघायला पाहिजे, काका.

मनोहर काका: ते आधी बघ. रिकामा ९०० म्हणजे पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं भरून ११०० च्या पुढं. मी सात हंगाम ऊस ओढलोय. वंटमुरीच्या उतारावर मागचं ओझं पुढच्या गाडीला कसं ढकलतं ते अंगानं माहीत आहे. वरच्या गिअरमध्ये उतरून नुसत्या ब्रेकवर भागवायला गेलास की ब्रेक तापून धरायचे बंद होतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत काय, विचार.

आणि माल भरायची रीत. बैलगाडी मागं जड झाली की उलाळते, तेच इथं. साधारण दहावा हिस्सा वजन हुकावर पाहिजे. मागं जास्त भरलं आणि बाजूनं ट्रक गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. त्या वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जाताना वळणावर समोरून बस आली तर मागं घेणार कोण?

प्रसाद: बाबा, ते शिकता येतंय की.

मनोहर काका: येतं. आपल्या शेतात महिनाभर रिकामी ट्रॉली मागं घे, मग बोल.

वैशाली: काका, पैशाचं सांगा. आमच्या घरात त्यावरूनच अडलंय.

मनोहर काका: काल रात्री वही घेऊन बसलो. दहा वर्षं वापरून निम्म्या किमतीला गेला असं धरूया. म्हणजे वर्षाला ३२,५०० गेले. आपल्या दारात जागा नाही, ठेवायला महिन्याला १,००० धरले, वर्षाचे १२,०००. विमा, टायर, दुरुस्ती मिळून ८,०००. झाले ५२,५००, आणि हे ट्रेलर जागेवरून न हलवता.

दिवाळीत आंबोलीला आपण दोन खोल्यांचे रात्रीचे ४,००० दिले. ट्रेलर नेला तरी जागेचं भाडं आणि जादा डिझेल धरून रात्रीला १,५०० जातीलच. म्हणजे एका रात्रीमागं वाचले २,५००. वर्षाला २१ रात्री त्यात झोपलो तर कुठं बरोबरी. गेल्या वर्षी घराबाहेर किती रात्री होतो? मी मोजल्या: आंबोली २, गोकर्ण २, दांडेली २, पंढरपूर १, सौंदत्ती १. आठ.

सुनील: ट्रेलर असला तर जास्त जाऊ की.

मनोहर काका: कधी? मृगापासून दसऱ्यापर्यंत पाऊस, त्यात गणपती. पुढं ऊसतोड, मार्चला परीक्षा. पावसात बंद उभा राहिला की गादीला बुरशी आणि छताच्या सांध्यातून गळती. तू टाकलेला फोटो मोठा करून बघितलो, टायरवर २३१८ आहे. म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालं. चारही बदलायचे धरून भाव कर.

प्रसाद: पासिंग एमएच-०९ आहे ना? कागदांचं काय?

मनोहर काका: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरचीही वेगळी नोंदणी आहे. बारा महिन्यांच्या वर इथं ठेवायचा तर एनओसी आणून केए-२२, म्हणजे आपला बेळगावचा नंबर, करून घ्यावा लागणार, इथला टॅक्सही भरावा लागणार. माझ्या हिशेबात ते धरलेलं नाही.

वैशाली: काका, एक सांगू? हे दांडेलीसाठी नाहीच. यांनी ट्रेलरचं काढलं ते आजींसाठी. तीन वर्षं झाली, आजी सौंदत्तीच्या यल्लम्माला आल्या नाहीत. गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, वाटेत टॉयलेट नीट नसतं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. गेल्या खेपेला परत आल्यावर दोन दिवस ताप होता. तेव्हापासून "तुम्ही जा, पडली भरून या", म्हणजे देवीला नैवेद्य दाखवून या, एवढंच म्हणतात.

सुनील: हो काका. आत कमोड आहे हे वाचून मी त्याला फोन लावला.

मनोहर काका: हे आधी सांगायचं होतंस बाळा. मी रात्रभर रात्रीच मोजत बसलो.

आई लग्न होऊन आली तेव्हा सौंदत्तीला बैलगाडीनंच जायचे. गाडीवर तट्ट्या, खाली कडबा, शिधा बांधलेला. तिथल्या जोगुळबावीच्या कुंडाजवळ चूल मांडायची, तिथंच झोपायचं. ती सगळ्यात आधी उठायची.

विकत घेणं मला अजून पटत नाही. पण त्याला विचार, माघी पौर्णिमेला तीन दिवस भाड्यानं देतो काय. ओढायला त्याचीच गाडी आणि त्याचाच ड्रायव्हर. सौंदत्तीची वाट आपल्याला सोपी, घाट नाही. आईला जमलं तर पुढचं बोलूया, तेव्हा माझा हिस्सा मी देतो.

प्रसाद: आजीला विचारलो. म्हणाली, "यायचं हाय. पण चढायची पायरी किती उंच ते बघा आधी."

सुनील: त्याला टेप लावून मोजायला लावलो. सोळा इंच.

वैशाली: देवघरातला मोठा पाट सहा इंचाचा आहे. खाली ठेवला तर दहा उरतात. मी आत्ता आपल्या ओसरीची पायरी मोजली, ती नऊ आहे. आजी ती रोज चढतात.