मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून माझं नाव आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न (इंदूर): मामांचं राजवाड्याजवळचं घर, दोन एफडी, थोडे शेअर. मामेभाऊ म्हणतात, तेराव्यानंतर लगेच वाटून टाक.

उत्तर १: मुळीच नको! भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्यूनंतर वर्षभर वाटपाची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टखर्च, मग घरकामवाल्या बाईंचा शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, त्यानंतर बाकीची कर्जं. वारसांचा नंबर सगळ्यांत शेवटी. आधी वाटलंत आणि नंतर मामांचं कर्ज मागणारा कुणी उभा राहिला, तर भरपाई तुमच्या खिशातून.

उत्तर २: एटीएम कार्ड बाजूला ठेवा. पिन माहीत आहे म्हणून पैसे काढणं हीच नेहमीची चूक, आणि भांडणं तिथूनच पेटतात. मृत्युदाखल्याच्या दहा-बारा प्रती काढा. स्वतंत्र खातं उघडा, दुधवाल्याच्या उधारीचीसुद्धा पावती वहीत चिकटवा. मामांचं शेवटचं आयकर विवरणपत्रही तुम्हालाच भरायचंय. पोर्टलवर आधी कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा.

उत्तर ३: एफडीवर नॉमिनी असेल तर बँक पैसे त्यालाच देईल, पण तो मालक नव्हे, विश्वस्त. नगर निगममधलं नामांतरण करून घ्या, मात्र ते मालमत्ताकरापुरतं. मालकीचा पुरावा नाही. इंदुरात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही. पण मामेभावांची कुरबुर बघता घेतलेलं बरं. घेतलंत तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो.