"पेट्रोल भरणारे सगळेच दोषी" म्हणणाऱ्यांना उत्तर

टिळकवाडीकर:
काल इथं एकानं लिहिलं, "मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं म्हणून कंपनीला शिव्या देणाऱ्यांनी आधी आपली गाडी विकावी. तेल आपल्याला पाहिजे, मग पापही आपलंच." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. मला ते रात्रभर पचलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

२० एप्रिल २०१०. डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट होऊन ११ माणसं गेली आणि समुद्राच्या तळाशी विहीर ८७ दिवस वाहत राहिली. त्या संध्याकाळी काय झालं ते बघा. विहीर बंद करून निघायच्या आधी वरचा दाब उतरवून बघतात, खालून काही जोर करतंय का. ड्रिल पाइपचा (खोदायच्या नळीचा) दाबाचा काटा १,४०० पीएसआयवर आणि किल लाइनचा, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या नळीचा, शून्यावर. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेल्या, म्हणजे काहीतरी चुकतंय हे उघड होतं. तिथं कुणीतरी 'ब्लॅडर इफेक्ट' असं नाव काढलं, म्हणजे वरच्या जड चिखलाच्या भारानंच काटा चढलाय, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं, चाचणी पास. मग विहिरीला दाबून धरणारा जड चिखल काढून त्याजागी समुद्राचं पाणी भरायला घेतलं. सिमेंट नीट बसलंय का ते बघायला बोलावलेली माणसं त्याच सकाळी चाचणी न करताच परत पाठवलेली. कामाला महिन्याहून जास्त उशीर झालेला आणि रिगचं भाडं दिवसाला पाच लाख डॉलर.

मी स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल भरतो. त्या काट्यापुढं मी उभा नव्हतो. सगळे दोषी म्हटलं की जो उभा होता तोही गर्दीत मिसळून जातो.

उद्यमबागवाला:
लिहिलंय चांगलं. खरं कारखान्यात कधी उभे राहिलाय का तुम्ही? मी फाउंड्रीत बावीस वर्षं काढली. एका पावसाळ्यात भट्टीवर ओलं स्क्रॅप आलं. मी म्हटलं, वाळू दे. सुपरवायझर म्हणाला, हीट (भट्टीचा घाणा) आधीच लेट आहे, टाक. मी टाकलं. पाण्याची वाफ झाली आणि वितळलेला धातूचा रस उसळला. माझ्या शेजारच्या पोराचा हात खांद्यापर्यंत भाजला. भिंतीवर बोर्ड होता, 'धोका दिसल्यास काम थांबवा'. थांबवणाऱ्याचा पगार कोण देणार ते बोर्डावर नव्हतं. सुपरवायझरच्या डोक्यावर मालक, मालकाच्या डोक्यावर स्वस्तात कास्टिंग मागणारं गिऱ्हाईक. म्हणून म्हणतो, तुमची स्कूटर त्या साखळीत आहेच. काट्यापुढच्याला एकट्याला धरू नका.

टिळकवाडीकर:
दादा, मी काट्यापुढच्याला एकट्याला कुठं धरलं? अमेरिकेच्या कोर्टानं २०१४ मध्ये दोष वाटला तो असा: विहिरीची मालक तेल कंपनी बीपी ६७ टक्के, रिगची मालक ट्रान्सओशन ३०, सिमेंट भरणारी हॅलिबर्टन ३. त्यात स्कूटरवाल्याला शून्य. बीपीच्या वागण्याला नुसता निष्काळजीपणा नाही, घोर निष्काळजीपणा म्हटलं.

उद्यमबागवाला:
आणि तुरुंगात किती गेले? एकही नाही. रिगवरच्या दोन सुपरवायझरांवर मनुष्यवधाचा खटला घातला आणि नंतर तो आरोपच मागे घेतला. वरच्यांवर तर तोही नाही. टक्के कंपनीला लागतात, माणसाला लागत नाहीत.

टिळकवाडीकर:
हे मात्र मान्य करावं लागतं. आवडत नाही, तरी मान्य.

खानापूरची सून:
तुम्ही दोघं स्फोटापाशीच अडकलाय. नंतरचं खोटं विसरलात. आधी सांगितलं दिवसाला १,००० बॅरल, मग ५,०००. शास्त्रज्ञांचा शेवटचा हिशोब ५० ते ६० हजारांच्या घरातला निघाला. किती वाहतंय याबद्दल संसदेची दिशाभूल केली, हा गुन्हा बीपीनं २०१२ मध्ये स्वतः कबूल केला. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. समुद्रावर पोट असणाऱ्याला आधी खरा आकडा लागतो, भरपाई नंतर. जाळी काढायची की ठेवायची, हे घरात बसून कसं ठरवणार? आणि त्या कोळ्यांच्या तोंडावर कंपनीचा मुख्य अधिकारी म्हणतो, मला माझं आयुष्य परत हवंय! अकरा घरांनी कुणाकडं मागायचं?

चिकोडीचा ऊसवाला:
आखात राहू दे की. आमच्या ओढ्याचं कोण बघतंय? तीन वर्षांपूर्वी गळीत सुरू असताना पहाटे मोटर चालू करायला गेलो, तर पाणी चहासारखं तपकिरी, वर फेस, काठाला मासे पांढरी पोटं करून पडलेले. म्हशीनं तोंड लावलं आणि मान फिरवली. कारखान्याचं मळीमिश्रित पाणी रात्रीत सोडलं होतं. विचारायला गेलो तर म्हणे व्हॉल्व्ह गळला. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आणि गळिताच्या शेवटीच बरा गळतो! तक्रार मराठीत दिली, उत्तर कन्नडमध्ये आलं.

निपाणीकर:
हाच खरा मुद्दा! सत्तर वर्षं हेच चाललंय. आमची भाषा कळत नाही म्हणून आमचं ऐकायचं नाही. सीमाभागात मराठी माणसाचा ओढा काय आणि जीव काय, कुणाला पडलंय? आधी कागद मराठीत द्या, मग तेलावर बोला.

खानापूरची सून:
काका, तुमचा राग मला कळतो. खरं असलंच एक उत्तर आमच्या गावात आलं होतं. माझ्या सासूबाई कन्नड शाळेत शिकल्या, त्यांनी ते चुलीपुढं बसून मला वाचून दाखवलं. दोन पानं. त्यात दंड नाही, तारीख नाही, कुणाचं नाव नाही. "आवश्यक ती कारवाई करण्यात येईल." मराठीत आलं असतं तरी तेच असतं.

निपाणीकर:
म्हणजे मराठीत कागद मागायचा नाही? उद्या पोरांची शाळाही सोडा म्हणाल!

खानापूरची सून:
मी असं कुठं म्हटलं? शब्द माझ्या तोंडात घालू नका. कन्नड गावातसुद्धा तोच ओढा वाहतो, तिथलेही मासे मेले.

उद्यमबागवाला:
ऊसवाले पाटील, एक विचारतो, रागावू नका. तुम्ही त्या कारखान्याचे सभासद ना?

चिकोडीचा ऊसवाला:
आहे. मग? शेअर घेतला म्हणजे ओढ्यात विष मी ओतलं? बावीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून माणसाला काय बोलावं हे कळत नाही का तुम्हाला? माझी म्हैस गाभडली त्या साली!

टिळकवाडीकर:
जरा दमानं घ्या दोघं.

चिकोडीचा ऊसवाला:
दम कसला. बरं, ऐका आता. ती घटना व्हायच्या आदल्या सभेत विषय आला होता, सांडपाणी शुद्ध करायचं युनिट वाढवायचं की उसाचं पहिलं बिल आधी द्यायचं. हात वर करा म्हणाले. माझं मुलीचं लग्न तोंडावर होतं. मी हात वर केला, बिलासाठी. मंडपातले जवळजवळ सगळे हात वर होते. झालं समाधान?

उद्यमबागवाला:
नाही झालं, पाटील. मीही ते स्क्रॅप टाकलंच होतं.

टिळकवाडीकर:
पाटील, मी तुमच्याकडं बोट दाखवणार नाही. खरं तुमच्या हातात आणि माझ्या स्कूटरमध्ये फरक आहे, तो मी सोडत नाही. तुम्हाला विचारलं होतं आणि कागदावर तुमचा हात मोजला गेला. मला आखातात कुणी विचारलं नाही. आणि तुमच्यापुढं तो प्रश्न 'बिल की शुद्धीकरण' असा ज्यांनी मांडला, त्यांचा हात तर मंडपात दिसलाच नाही. व्यासपीठावरून विषय वाचणाऱ्याला कुणी विचारलं का, दोन्ही का होणार नाही?

चिकोडीचा ऊसवाला:
नाही विचारलं. या सप्टेंबरच्या सभेत विचारतो, लेखी. ताई, सासूबाईंना वेळ असेल तर अर्ज कन्नडमध्ये लिहून देतील का? मराठी प्रत मी जोडीन, निपाणीकर काकांसाठी.

निपाणीकर:
मराठी वर, कन्नड खाली. मग सही माझीही घ्या.